‘अर्थ काय?’ सोडून बाकी सगळं विचारा

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिला लोकांच्या टॅटूमागच्या गोष्टी जमवायच्या आहेत. एसटीत, लोकलमध्ये, यात्रेत अनोळखी माणसाच्या अंगावर काही दिसलं तर सरळ विचारावं का, विचारायचं तर कसं, लोक चिडतात का, आणि आपल्या स्वतःच्या अंगावर एकही टॅटू नसला तर त्यानं काही अडतं का? लोकजीवनाच्या नोंदी करण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. बायकांचं गोंदण हा त्यातला माझा आवडता विषय, आणि अलीकडे शहरातल्या टॅटू स्टुडिओंतही जाऊन बसते. तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

विचारा. बेलाशक विचारा. नीट विचारलं तर चिडणारी माणसं फार थोडी भेटतात. अडचण चिडण्याची नाहीच, अडचण ही की बहुतेक जण पहिलाच प्रश्न चुकीचा टाकतात: ‘याचा अर्थ काय?’ किंवा ‘हे का काढलं?’ या दोन्ही प्रश्नांना एक तर ‘असंच’ हे उत्तर येतं, नाही तर समोरचा माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून तिथल्या तिथं एक अर्थ तयार करून देतो. दोन्हींचा तुम्हाला काही उपयोग नाही.

सोलापूर-धाराशिवकडच्या एखाद्या खेड्यात सत्तरीपुढची आजी ओट्यावर बसलेली असते. कोपरापासून मनगटापर्यंत हात हिरवागार. तुळशीवृंदावन, विंचू, टिंबांच्या रांगा, मध्येच एक फूल. तिला विचारा, ‘आजी, हा विंचू का गोंदला?’ ती म्हणणार, ‘का म्हंजे? समद्याच गोंदायच्या.’ संपलं. कारण तिनं तो निवडलेलाच नव्हता. गोंदायचं की नाही हे घरातल्या मोठ्या बायकांनी ठरवलं, आणि काय गोंदायचं हे बऱ्याचदा गोंदणारणीनं. सात-आठ वर्षांच्या पोरीला कोण विचारतंय! आता तिलाच विचारा, ‘आजी, गोंदताना धरलं कुणी होतं?’ मग बघा. ‘आत्यानं. मांडीखाली हात दाबला न् दुसऱ्या हातानं तोंड. म्या चावले तिला. तरी सोडलं न्हाई.’ पुढं गोंदणारीण कशी होती, तिच्या कडेवर लेकरू होतं का, आई का आली नाही, नंतर ताप किती दिवस होता, हे सगळं न विचारता येतं. गोष्ट चित्रात नसते, गोंदून घेण्याच्या त्या दुपारीत असते.

म्हणून माझ्या नोंदवहीत पहिले प्रश्न ठरलेले आहेत. कुठं गोंदलं, कुणी गोंदलं, सोबत कोण होतं, किती दुखलं, बदल्यात काय दिलं, घरी गेल्यावर कोण काय म्हणालं. ‘का’ हा शब्द मी शेवटपर्यंत काढत नाही. बहुतेक वेळा तोवर त्याचं उत्तर येऊन गेलेलं असतं.

हे प्रश्न विचारायचे तर पद्धत थोडी माहीत हवी, नाही तर उत्तरातला निम्मा भाग डोक्यावरून जातो. आपल्याकडे गोंदणाऱ्या बायका बहुतेक भटक्या समाजांतल्या. सुगी झाली की गावात यायच्या, कारण तेव्हा घरात द्यायला धान्य असायचं. दोन-तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात कालवायची, काडीनं आधी आकृती उमटवायची आणि मग टोचत जायचं. रक्त फडक्यानं टिपायचं, वर हळद लावायची. पोरगी रडू नये म्हणून गाणं म्हणायचं. काही आज्यांना विंचवाचा अर्थ सांगता येत नाही, पण त्या गाण्याच्या दोन ओळी येतात. मोबदला म्हणजे जोंधळे, सुपारी, एखादं जुनं लुगडं. यात्रांमध्ये बॅटरीवरची मशिनं आली तेव्हापासून तंत्र बदललं. जवळून पाहिलं तर फरक कळतो: हातसुईच्या रेघेत टिंबं सुटी दिसतात, मशिनची रेघ सलग असते. ‘हे सुईचं आहे का हो, का जत्रेतल्या मशिनचं?’ एवढं विचारलंत तरी आजी तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघते. या बाईला काहीतरी कळतंय, असं तिला वाटतं.

बरं, काजळी काळी, मग गोंदण हिरवं का दिसतं? काळा कण त्वचेच्या खालच्या थरात असतो आणि वरून येणारा उजेड त्वचेत विखुरतो, त्यामुळे काळा रंग आपल्याला निळसर-हिरवा भासतो. ते टिकतं कसं याचा एक छान उलगडा 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर केला. त्वचेतल्या भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. ती पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे आजीच्या हातावरचा विंचू साठ वर्षं एका पेशीकडून दुसरीकडे हस्तांतरित होत आलेला आहे. हे मी एकदा एका आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग, जमिनीवानी वारसा हक्कानं!’

श्रद्धा विचारायच्या तर जरूर विचारा, पण त्या जवळपास सारख्याच येतील. ‘सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर बरोबर येतं.’ ‘चोर दागिना नेईल, गोंदण कसा नेईल?’ ‘गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचं पाणी सासू घेत नसे.’ हे सगळं खरं, महत्त्वाचं, आणि कोकणापासून विदर्भापर्यंत कुठंही गेलात तरी थोड्याफार फरकानं हेच. एकदा नोंदवा आणि पुढं चला. नवखी माणसं इथंच अडकतात, कारण ही वाक्यं ऐकायला सुंदर लागतात.

त्यापेक्षा नावं बघा. बायकांच्या हातावरची नावं हा माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात कसदार भाग आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, की झालं, जुनं नाव माहेरच्या पत्रापुरतं. पण लहानपणी यात्रेत हरवू नये म्हणून हातावर गोंदलेलं नाव जाणार कुठं? एका बाईंच्या दंडाच्या आतल्या बाजूला त्यांचं माहेरचं नाव होतं, तेही चुकीचं. पहिली वेलांटी दुसरी काढलेली आणि शेवटचं अक्षर जागा पुरली नाही म्हणून खाली घेतलेलं. रेशनकार्डावर, आधारवर, सातबाऱ्यावर वेगळंच नाव. मी विचारलं, ‘या नावानं शेवटची हाक कुणी मारली?’ त्यांनी भावाचं नाव सांगितलं, मग तो गेला ते साल, मग त्याच्या जमिनीचा वाद, मग त्या वादात हक्क सोडून दिलेली सही. वेलांटीपासून सुरू झालेलं बोलणं तलाठ्याच्या दप्तरापर्यंत गेलं. ‘तुमच्या टॅटूमागची गोष्ट सांगा’ म्हटलं असतं तर त्यांनी ‘माझं नाव हाय’ म्हणून पदर ओढून घेतला असता.

कपाळावरच्या ठिपक्याबद्दल मात्र सावध असा. कुंकवाच्या जागी हिरवा ठिपका गोंदलेल्या पुष्कळ बाया आहेत. नवरा गेला, कुंकू पुसलं, ठिपका राहिला. काहींना त्याचा आधार वाटतो, काहींना तो नकोसा वाटतो, आणि कोणीतरी घरातलंच त्यावरून बोललेलं असतं. त्या ठिपक्याकडे बोट दाखवून सुरुवात करू नका. हातापासून सुरू करा. कपाळाचा विषय त्यांना काढायचा असेल तर त्या काढतील.

यावरून मुद्द्याचं बोलते. अंगावरची प्रत्येक खूण माणसानं हौसेनं काढलेली नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत असत. ती शिक्षा 1849 मध्ये बंद झाली. फार जुनी गोष्ट म्हणाल, तर 1993 मध्ये अमृतसरला पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’, म्हणजे खिसेकापू, असं गोंदवलं. त्या बायका डोक्यावरची ओढणी पुढं ओढून कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या आणि दोषी पोलिसांना शिक्षा व्हायला 2016 साल उजाडलं. फाळणीत पळवून नेलेल्या बायकांच्या अंगावर घोषणा गोंदल्याच्या नोंदी आहेत. ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांच्या डाव्या हातावर नंबर गोंदले जात. एवढं दूर जायचीही गरज नाही. कॅन्सरच्या रेडिएशनला किरण दर वेळी नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून काही ठिकाणी छातीवर बारीक ठिपके गोंदतात. ब्लाउजच्या गळ्याशी दिसणाऱ्या त्या ठिपक्याला ‘किती गोड, याचा काय अर्थ?’ असं विचारणारी मुलगी मी पाहिली आहे. समोरच्या बाईंनी हसून विषय बदलला, तो त्यांचा मोठेपणा. मनगटावरची वेल, पिसं, पक्ष्यांचा थवा यांच्याखालीही कधी कधी जुने व्रण असतात, भाजल्याचे किंवा स्वतःच करून घेतलेले. स्टुडिओत असे व्रण झाकून घ्यायला येणारे लोक बरेच असतात. चित्राखाली त्वचा उंचसखल दिसली की तोंड बंद ठेवायचं, एवढं साधं आहे.

मग विचारू कुणाला? ज्यानं ते दिसावं म्हणूनच काढलंय त्याला. याचं टोकाचं उदाहरण छत्तीसगडमधला रामनामी समाज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, देवळात प्रवेश नाकारलेल्या या लोकांनी रामाचं नाव थेट अंगावर गोंदायला सुरुवात केली. काहींनी तर कपाळापासून पायापर्यंत. तिथं गोंदण हेच जाहीर म्हणणं आहे, तेव्हा त्याबद्दल विचारणं म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकणं. आपल्याकडं दंडावर राजमुद्रा घेतलेला पोरगा किंवा हातावर बाबासाहेबांची सही गोंदलेली मुलगी यांचंही तसंच. ते बाही वर करूनच फिरतात, विचारलेलं त्यांना आवडतं. पण इथंही ‘अर्थ काय’ विचारलंत तर भाषण ऐकावं लागेल. सही गोंदलेल्या मुलीला विचारा, ‘कामावर ही दिसते तेव्हा लोक कसे वागतात?’ मग भाषण थांबतं आणि माणूस बोलायला लागतो.

स्टुडिओतल्या किंवा कॉलेजातल्या टॅटूवाल्यांशी सुरुवात करायला सगळ्यात सोपं वाक्य: ‘काम स्वच्छ झालंय, कुठं केलंत?’ हे कौतुक कारागिराचं आहे, शरीराचं नाही, त्यामुळं कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. विशेषतः पुरुषांनी बायकांना विचारताना हे ध्यानात ठेवावं. खांदा, पाठ, घोटा, मान इथल्या टॅटूबद्दल अनोळखी पुरुषानं विचारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे; मनगट किंवा हाताबद्दल, चार माणसांत, आणि एकदाच. लोकलमध्ये कानात इअरफोन घातलेल्या माणसाला उठवून विचारणं हा तर शुद्ध आगाऊपणा. त्यापेक्षा रांगा बऱ्या: दवाखान्याची सोडून कुठलीही. एसटी स्टँड, पासपोर्ट ऑफिस, यात्रेतली दर्शनबारी. माणसाला वेळ घालवायचा असतो आणि पळून जायला जागा नसते. मात्र म्हणूनच दोन वाक्यांत तो गप्प झाला तर आपणही गप्प व्हायचं.

शहरात सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या गोष्टी तीन. आई किंवा वडील गेले आणि त्यांच्या अक्षरातला एखादा शब्द गोंदून घेतला. मित्रांबरोबर गोव्याला गेलो आणि काढला. आणि तिसरी, नाव काढलं आणि आता ते घालवायचंय. पहिली तुम्हाला भारी वाटेल, दुसरी फालतू. मला दुसरीत जास्त सापडतं. ‘असंच, गोव्याला काढला’ म्हणणाऱ्याला विचारा, त्या गाडीत कोण कोण होतं आणि त्यातलं आज बोलण्यात कोण आहे.

तिसरीचा एक खास मराठी प्रकार सातारा-कोल्हापूरकडे, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांत भेटतो. दंडावर किंवा छातीवर कुणाचं तरी नाव असतं. सैन्याचा नियम असा की कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सूट आहे, बाकीच्यांना नाही. मग मेडिकलच्या आधी धावपळ सुरू होते. लेझरला अनेक बैठका आणि बरेच पैसे लागतात, त्यामुळं कुणी चुना लावतो, कुणी ॲसिड, आणि नावाच्या जागी जन्माचा डाग येतो. असा डाग दिसला की ‘इथं काय होतं?’ विचारू नका. ‘भरतीला गेला होतास का?’ विचारा. पोरगा आधी चमकतो, मग अकॅडमी, पहाटेचं ग्राउंड, सोळाशे मीटर, सगळं सांगतो. नाव मात्र सांगत नाही, आणि ते मागायचंही नसतं.

आता नोंद आणि फोटो. इथं माझं धोरण कडक आहे. आधी गप्पा, मग वही, मग परवानगी घेऊन फोटो, आणि फोटो कुठं जाणार हे आधी सांगायचं. ‘चेहरा दिसत नाही ना, मग काय बिघडलं?’ असं नवे लोक म्हणतात. वर्तमानपत्रात बेपत्ता माणसाचं किंवा अनोळखी मृतदेहाचं निवेदन वाचलंय का कधी? ‘अंगाने सडपातळ, अंगात निळा शर्ट, उजव्या हातावर आई असे गोंदलेले.’ गोंदण हीच ओळखीची खूण असते. पोलिसांपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळे ती तशीच वापरत आले आहेत. चेहरा कापून हाताचा फोटो टाकलात तरी त्या बाईचा दीर तो एका नजरेत ओळखतो. आणि तिनं तुम्हाला त्या हाताखालची जी गोष्ट सांगितली, ती दिराबद्दलच असू शकते. म्हणून गोष्ट नाजूक असेल तर फोटो नाही, गावाचं नाव नाही, हवं तर गोंदणाची आकृती वहीत हातानं काढायची. हातानं काढताना डोळ्यांना जास्त दिसतं, हा वरचा फायदा.

एक धोका आणखी. तयार स्पष्टीकरणं. अरुणाचलातल्या आपातानी बायकांच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाबद्दल सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं: शेजारच्या टोळ्यांनी पळवून नेऊ नये म्हणून कुरूप दिसण्यासाठी ते करत. इतकं छापून आलंय की येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारतो आणि तेच ऐकून जातो. आपल्याकडंही ‘परकीयांच्या भीतीनं गोंदायला लागले’ हे ठोकून दिलेलं वाक्य गावागावात ऐकू येतं. कुणी असं सांगितलं की मी खोडत नाही, फक्त विचारते, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ आजी सांगते, ‘मास्तरानं.’ किंवा ‘टीव्हीवर.’ ते उत्तरही लिहून ठेवायचं.

आणि पैसे? गोष्टीचे पैसे मी देत नाही. पण अर्धा दिवस कुणाचा मोडला तर त्याची भरपाई देते, आणि फोटोची छापील प्रत नेऊन देते. मोबाइलवर पाठवलेला फोटो नातवाच्या फोनमध्ये राहतो. छापलेला आजीच्या पेटीत जातो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. अंगावर टॅटू नसल्यानं काहीही अडत नाही, उलट सोपं जातं. खेड्यात तुमचा कोरा हात बघून बायकाच विचारतील, ‘का गं, तुझ्या आईनं गोंदलं न्हाई?’ तिथं पाठ केलेलं उत्तर देऊ नका, खरं काय ते सांगा. आईला आवडत नाही, भीती वाटते, पैसे नव्हते, काहीही. प्रश्न विचारून घेणं कसं लागतं हेही कळेल. यात्रेत कुणी हात धरून बसवायला लागलंच, तर नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढल्याशिवाय हात पुढं करू नका. एकच सुई आणि एकाच वाटीतला रंग दहा जणांना वापरला तर काविळीपासून एचआयव्हीपर्यंत काहीही होऊ शकतं. आणि एवढं करूनही मोह झालाच, तर पुढचं वर्षभर कॉलेजच्या रक्तदान शिबिरातून तुम्हाला परत पाठवतील. नियम आहे तो. तिथल्या नर्सबाईंशी हुज्जत घालू नका.